मुधोळचे श्वानकुल

मराठा घराण्यांचा इतिहास सांगताना आम्ही बहुधा तलवारीचीच थोरवी गातो. मुधोळच्या घोरपडे घराण्याने मात्र श्वानजोपासनेतही कीर्ती संपादिली. बेरड शिकाऱ्यांजवळची, ग्रेहाउंडासारखी सडपातळ व वाऱ्याशी शर्यत लावणारी कुत्री श्रीमंत मालोजीराजे यांनी हेरली. निवडक जोड्या राखून त्यांनी पैदास केली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव दूरवर पोहोचविले. १९४८ साली संस्थान विलीन झाले. परंतु शेतकऱ्यांच्या अंगणात हा वंश टिकला. २००५ साली तो टपाल तिकिटावर झळकला. २०१६ साली सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात शिक्षणास गेला. राजवाड्याचे श्रेय गाताना बेरडांचे व शेतकऱ्यांचे ऋण आम्ही विसरलो, तर हा इतिहास अपुराच राहील.