खोकं बंद, डिस्क चालू

मंडळी, या शनिवारचा विषय बघून तुम्ही म्हणाल, हा बाबा कुठलं कुठे जोडतोय! एकीकडे यूएसबीला लावायच्या हार्ड डिस्कची ती स्वस्तातली खोकी, बाजारात ज्याला नुसतं 'केसिंग' म्हणतात ती. आणि दुसरीकडे नंदुरबार जिल्ह्यातलं नर्मदेकाठचं मणिबेली. पण धागा पक्का आहे. ज्या गावाची जुनी वस्ती पाण्याखाली गेली, त्याचा पुरावा कागदावर उरतो. कागद स्कॅन होऊन डिस्कवर जातो. आणि डिस्क बसते काही शे रुपयांच्या खोक्यात. खोकं बंद पडलं की लोक म्हणतात 'डेटा गेला'. बऱ्याचदा तो गेलेला नसतो. मला आज एवढंच सांगायचंय, पण जरा इतिहासातून.

आधी मणिबेली. अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं आदिवासी गाव. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, म्हणजे त्याआधीच्या सगळ्या कागदांवर 'जिल्हा धुळे' असं दिसतं. सरदार सरोवराच्या भिंतीपासून नदीने वर निघालं की महाराष्ट्राच्या बाजूचं हे पहिलं गाव. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ चा. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात आली आणि पाणी चढायला लागलं तेव्हा पहिला नंबर मणिबेलीचा लागला. १९९१ पासून दर पावसाळ्यात इथे सत्याग्रह झाले, घरात पाणी आलं तरी उठायचं नाही असे. जून १९९२ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांचा अहवाल आला, त्यात पुनर्वसनाच्या कारभारावर कडक टीका होती. मार्च १९९३ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाचा उरलेला हिस्सा नको असं भारत सरकारनेच कळवलं. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना पैसे देणं थांबवा अशी मागणी बँकेकडे केली, आणि त्या जाहीरनाम्याला नाव दिलं मणिबेलीचं. गावात वीज नव्हती, पण नाव मात्र वॉशिंग्टनला पोचलं होतं!

पुढचं थोडक्यात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं तेव्हा भिंत ८० मीटरच्या आसपास होती. ऑक्टोबर २००० च्या निकालानंतर ती टप्प्याटप्प्याने चढली. सप्टेंबर २०१७ मध्ये लोकार्पण झालं ते १३८.६८ मीटरवर, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तलाव पहिल्यांदा काठोकाठ भरला. मणिबेलीचं जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ त्याच्या कितीतरी आधी पाण्यात गेलं होतं. नवं देऊळ गुजरातेत गोरा इथे बांधलं.

आता कागदांकडे येऊ. लवादाच्या निवाड्यात दोन अटी फार महत्त्वाच्या आहेत. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाते त्याला किमान २ हेक्टर ओलिताची जमीन, आणि सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब. प्रोग्रॅमरच्या नजरेने बघितलं तर हे दोन साधे 'इफ' आहेत. पण इनपुट काय? वय, राहण्याचा पुरावा, जमिनीचा पुरावा. जिथे कित्येकांच्या जन्माची नोंदच कुठे नाही, तिथे हे इनपुट आणायचं कुठून? म्हणूनच 'घोषित' आणि 'अघोषित' प्रकल्पग्रस्त असा वाद वर्षानुवर्षं चालला. २००१ मध्ये राज्य सरकारने न्यायमूर्ती दाऊद यांची समिती नेमली ती पुनर्वसनाची खरी स्थिती तपासायलाच. अशा ठिकाणी शाळेचा दाखला, रेशनकार्ड, पंचनाम्याची प्रत, पडक्या घरासमोर काढलेला फोटो, यातली एकेक चिठ्ठी म्हणजे शेत असतं. अतिशयोक्ती नाही, खरोखर दोन हेक्टर.

या खोऱ्याची आठवण सांभाळायचे प्रयत्न पुष्कळ झाले. अली काझिमींचा माहितीपट १९९४ चा, आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची 'नर्मदा डायरी' १९९५ ची. नंदिनी ओझांनी तिथल्या लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या, त्यातून केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे यांचं मौखिक इतिहासाचं पुस्तक उभं राहिलं. पण याशिवाय एक अनधिकृत संग्रह असतो, तो म्हणजे तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या शिक्षकांचे आणि कार्यकर्त्यांचे फोटो आणि स्कॅन. तो कुठल्याही कपाटात नोंदवलेला नसतो. तो असतो खोक्यांत.

ही खोकी आली कुठून? यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ ची, पण तिचा वेग इतका कमी की डिस्क लावणं म्हणजे हौदातलं पाणी चमच्याने उपसणं. एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आली, सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि गाडी सुसाट सुटली. त्याच सुमारास लोक जुने कॉम्प्युटर बदलत होते आणि २०, ४०, ८० जीबीच्या डिस्क उरत होत्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत जा, केसिंग घ्या, चार स्क्रू पिळा, झाली पोर्टेबल डिस्क! सीडीत ७०० एमबी, डीव्हीडीत ४.७ जीबी, आणि इथे एकदम ८० जीबी. कोण नको म्हणेल?

खोक्यात असतं काय? एक छोटी पट्टी, तिच्यावर एक ब्रिज चिप. कॉम्प्युटर बोलतो यूएसबी, डिस्क बोलते आयडीई किंवा साटा. ही चिप म्हणजे मधला दुभाषा. भिलोरी बोलणारा म्हातारा कचेरीत उभा आहे आणि दुभाषाच आला नाही, तर साहेब काय लिहून घेणार? 'अर्जदारास काही सांगावयाचे नाही.' बंद खोक्याचं अगदी तसंच होतं. सांगण्यासारखं आत सगळं असतं, पोचवणारा गेलेला असतो.

माझा आतेभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, २००३ ते २००९ या काळात त्या खोऱ्यात शिकवायला जायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन. एका कुटुंबाच्या अर्जासोबत जुन्या पंचनाम्याची प्रत हवी होती. मूळ कागद त्यांच्याकडे उरला नव्हता. दादाने २००५ साली त्याचा फोटो काढला होता आणि तो फोटो होता एका बंद पडलेल्या खोक्यात. "दुकानदार म्हणतो डिस्क गेली, फेकून द्या. अरे, तू बघतोस का एकदा?" मी म्हटलं, "दादा, फेकू नकोस आणि कोणाला फॉरमॅट करू देऊ नकोस. घेऊन ये."

त्याने दोन खोकी आणली. पहिलं अडीच इंची, नुसत्या यूएसबीवर चालणारं. दिवा लागायचा, आतून टक... टक... असा आवाज, आणि स्क्रीनवर काहीच नाही. हा आवाज ऐकला की सगळे घाबरतात, कारण मरणारी डिस्कही असाच आवाज करते. पण आधी हिशोब करा. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाने देतं ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॉट. अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करतानाच १ अँपिअरच्या आसपास लागू शकतो. त्यात केबल लांब आणि बारीक, पोर्ट जुनं. डिस्क उठायला बघते, वीज कमी पडते, पुन्हा बसते. उपाय : आखूड, जाड केबल, कॉम्प्युटरच्या मागचं पोर्ट, नाहीतर दोन पोर्टांतून वीज घेणारी दोन तोंडांची केबल. यूएसबी ३.० चं पोर्ट ९०० मिलीअँपिअर देतं, तेही चालतं. दादाचं हे खोकं दोन तोंडांच्या केबलवर पहिल्याच झटक्यात उठलं. त्यात मुलांचे, शाळेचे, होडीचे फोटो होते. पंचनामा नव्हता.

दुसरं साडेतीन इंची, आत ८० जीबीची आयडीई डिस्क, बाहेर अॅडॉप्टर. दिवा चालू, डिस्क गप्प. ही फार बोलकी खूण आहे! अशा अॅडॉप्टरमधून दोन वेगळ्या विजा येतात : ५ व्होल्ट इलेक्ट्रॉनिक्सला आणि १२ व्होल्ट मोटरला. दिवा ५ वर लागतो. म्हणजे ५ ठीक, १२ संशयित. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट बरोब्बर दिसले. इथेच बरेच जण फसतात. रिकामं असताना १२, आणि डिस्क जोडल्याबरोबर धाडकन खाली. आत फुगलेले कपॅसिटर. १९९९ ते २००७ या काळात खराब कपॅसिटरची साथच आली होती जगभर, मदरबोर्डांपासून अॅडॉप्टरांपर्यंत. स्वस्त मालाला तर विचारूच नका.

डिस्क बाहेर काढली, मागचा जंपर मास्टरवर आहे ना ते बघितलं, दुसऱ्या खोक्यात बसवली. फिरली! विंडोजने लगेच विचारलं, फॉरमॅट करू का? मंडळी, या प्रश्नाचं उत्तर कायम 'नाही'. मी लिनक्समध्ये डीडीरेस्क्यूने आख्ख्या डिस्कची प्रत काढली आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर केलं. काही सेक्टर वाचता आले नाहीत, बाकी सगळं आलं. २००५ च्या फोल्डरमध्ये पंचनामा होता. जरा तिरका आणि अंधूक, पण सही आणि तारीख वाचता येत होती. दादा बराच वेळ काही बोलला नाही.

'डिस्क गेली' असं वाटायला लावणारी आणखी काही सोंगं आहेत, तीही सांगून ठेवतो. जुन्या ब्रिज चिपला १३७ जीबीच्या पुढे मोजता येत नाही, कारण पत्त्याला २८ बिट आणि सेक्टर ५१२ बाइटचा. त्यात मोठी डिस्क घालून लिहीत बसलात तर जुना डेटा खराब होऊ शकतो. पुढच्या पिढीची मर्यादा ३२ बिटांची, म्हणजे २.२ टीबी, म्हणून ३ टीबीची डिस्क जुन्या खोक्यात चक्क ७४६ जीबीची दिसते. काही मोठी खोकी डिस्कचे सेक्टर ४०९६ बाइटचे आहेत असं कॉम्प्युटरला भासवतात, तिथे डिस्क बाहेर काढली की पार्टिशन सापडत नाही, तिला तशाच खोक्यात घालावं लागतं. आणि काही तयार ड्राइव्हमध्ये ब्रिज चिपच सगळं एन्क्रिप्ट करते, तिथे पट्टी फेकली म्हणजे किल्ली फेकली. थोडक्यात काय, डिस्क काढलीत तरी खोकं जपून ठेवा.

इतिहासातली एक नोंद इथे राहायला नको. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे मोठे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर किमती दुपटीच्या आसपास गेल्या. आठवणी साठवायचं यंत्रही शेवटी नदीकाठीच बनत होतं.

दादाच्या संग्रहाच्या आता तीन प्रती आहेत. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, आणि एक खोऱ्यातल्याच एका शिकलेल्या पोराकडे. ही तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कारण ज्यांचे कागद आहेत त्यांना ते बघायला पुण्यापर्यंत यावं लागता कामा नये. शिवाय पंचनाम्यांच्या आणि दाखल्यांच्या छापील प्रती काढून ज्याच्या त्याच्या घरी दिल्यात. कागदाला अॅडॉप्टर लागत नाही :-)

त्या कुटुंबाने प्रत अर्जाला जोडली. निकाल अजून यायचाय.

असो. आज सुट्टी आहे, कपाटातलं जुनं खोकं काढा, लावून बघा. चाललं तर आजच प्रत काढा. नाही चाललं तर घाबरू नका, आधी केबल, मग अॅडॉप्टर, मग खोकं बदला. डिस्कवर संशय सगळ्यात शेवटी.