दहा प्रकारांत न बसणारी हाडं

मंडळी, आज जरा हाडांबद्दल. शाळेत 'उखळीचा सांधा' शिकलो होतो, आठवतंय? खांदा आणि खुबा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या उखळीत फिरतो, म्हणून आपण मांडी घालून बसू शकतो. या उखळीचं लॅटिन नाव अ‍ॅसिटॅब्युलम, म्हणजे व्हिनेगरची वाटी! प्रत्येकाचं स्वयंपाकघर वेगळं, दुसरं काय.

गाडी धडकली की गुडघा डॅशबोर्डवर आपटतो, धक्का मांडीच्या हाडातून सरळ मागे जातो आणि ही उखळी फुटते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यावर नेहमीचा इलाज म्हणजे पायाला वजन लावून आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवणं. उखळी शरीरात फार खोल, भोवती मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा. त्यातून साध्या एक्स-रेवर नक्की काय मोडलंय तेच उमगत नसे. सीटी स्कॅन यायला १९७० चं दशक उजाडायचं होतं.

मग पॅरिसमध्ये रोबेर ज्युदे आणि त्यांचे शिष्य एमिल लतूर्नेल या कोड्याच्या मागे लागले. त्यांचं उत्तर आपल्यासारख्यांना लगेच पटेल. फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग आठवा: एका व्ह्यूवरून वस्तू कळत नाही. त्यांनी समोरच्या फोटोबरोबर पेशंटला ४५ अंशांनी एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर कलवून आणखी दोन फोटो घेतले. आणि उखळीकडे वाटी म्हणून न बघता उलट्या 'वाय'सारख्या दोन खांबांच्या मधली जागा म्हणून बघितलं. पुढचा खांब, मागचा खांब.

१९६४ साली ज्युदे बंधू आणि लतूर्नेल यांनी यावर पेपर लिहिला. याच कामातून आलेलं वर्गीकरण आजही वापरतात: पाच मूळ प्रकार आणि पाच जोडप्रकार. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे हे वर्गीकरण नुसतं बारसं नाही. प्रकार कळला की कुठून शिरायचं ते बरंचसं ठरतं. मागचा खांब किंवा मागची भिंत असेल तर मागून. पुढचा असेल तर जांघेतून, रक्तवाहिन्या आणि नसा बाजूला सारत. हा पुढचा रस्ता लतूर्नेल यांनीच बसवला.

एवढा खटाटोप कशाला? कारण कूर्चा पुन्हा नीट भरून येत नाही. पृष्ठभागात पायरी राहिली की सांधा झिजायला लागतो. लतूर्नेल यांच्याकडे शिकलेले अमेरिकन सर्जन जोएल मॅटा यांनी १९९६ साली २६२ फ्रॅक्चर्सचा हिशेब मांडला. सगळी ऑपरेशन्स तीन आठवड्यांच्या आत झालेली. १ मिलीमीटरपेक्षा जास्त फट उरली तर जोडणी 'परफेक्ट' धरायची नाही, इतका कडक नियम. ७१ टक्के त्यात बसली. तरीही निकाल चांगला किंवा उत्तम लागला तो साधारण तीन चतुर्थांश लोकांचाच. म्हणजे इतक्या कसबी हातांखालीही साधारण चारातल्या एकाचा निकाल चांगला लागत नव्हता.

आणि मग येतात एज केसेस. घरात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं हाड ठिसूळ असतं. माथा आतल्या पातळ भिंतीवर आदळतो आणि उखळीच्या छताचा तुकडा स्पंजसारख्या हाडात रुततो. एक्स-रेवर ती रेघ पंख पसरलेल्या सीगलसारखी दिसते. जेफ अँग्लेन यांनी २००३ साली दाखवलं की ही खूण म्हणजे जोडणी टिकणार नाही याची धोक्याची घंटा. दहा खणांत हा तपशील कुठेच नाही. तुकडा उचलायचा, खालची पोकळी हाडाने भरायची आणि आतल्या भिंतीला पट्टीचा टेकू द्यायचा. तिथे पोचायचा रस्ता १९९० च्या दशकात सापडला, तोही कुठे? रेने स्टोपा या फ्रेंच सर्जनच्या हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये! म्हणजे रीयूज फक्त आपणच करतो असं नाही.

मला वाटतं, इथेच चांगल्या मॉडेलची परीक्षा होते. केस दहा खणांत बसली नाही तरी 'कुठला खांब तुटला, माथा कुठे सरकला' हे प्रश्न तसेच उपयोगी पडतात. खण कमी पडतात, विचार पुरतो.

असो. लाँग ड्राइव्हला डॅशबोर्डवर पाय टाकून बसायची सवय असेल, तर आजपासून पाय खाली!