पुष्कळ म्हणजे किती?

पतंग हा शब्द मी माझ्या कवितेत किती वेळा वापरला असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. कागदी पतंग नव्हे. रात्री दिव्यावर येतो तो, पंखांचा. फारसीत तो परवाना. बाराव्या शतकातल्या अत्तार यांच्या ‘मन्तिक-उत्-तैर’मध्ये मेणबत्तीचं गुपित शोधायला निघालेल्या परवान्यांची गोष्ट आहे. पुढे तो उर्दू शायरीत आला आणि तिथंच राहिला. इकडे ज्ञानेश्वरीतही दिव्यावर झेपावणारा पतंग आहेच. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमान कवीला तो असा दोन्हीकडून वारशानं मिळाला. आयत्या मिळालेल्या वस्तूकडे माणूस नीट बघत नाही. माझंही तसंच झालं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत एकही पतंग मी जवळून पाहिला नव्हता.

२०१७ सालची गोष्ट. मी चिपळूणला राहतो. शेजारचे निवृत्त गुरुजी एका संध्याकाळी म्हणाले, “शायर, चला आज. तुमचे परवाने दाखवतो.” भाद्रपदातली अमावास्या होती. चांदण्या रात्री पतंग दिव्यावर कमी येतात, म्हणून ही मंडळी अंधारी रात्र निवडतात. आमच्या घरी चांद दिसण्याची वाट बघायची सवय. आता तो नसण्याची वाट बघायला शिकलो.

डोंगराच्या पायथ्याशी, ऐन-किंजळीच्या झाडांपाशी, दोन बांबूंना पांढरी चादर बांधलेली होती आणि पुढे एक दिवा लटकत होता. दहा-बारा माणसं होती. एक वायरमन, एक परिचारिका, दोन-तीन कॉलेजची मुलं, आणि वडिलांबरोबर आलेली सातवीतली एक मुलगी. तासाभरात चादर भरून गेली. कुणी वाळक्या पानासारखा, कुणी झाडाच्या सालीसारखा, कुणी हिरवा, कुणी नखाएवढा. फोटो काढायचा, ओळखायचा, वहीत लिहायचा आणि सोडून द्यायचा, असं काम. वही त्या मुलीच्या हातात होती. तारीख, ठिकाण, वेळ, आभाळ कसं, पाऊस किती, पतंगाचं नाव, संख्या, असे रकाने होते. एका कोपऱ्यात तपकिरी पतंगांची दाटी झाली होती. तिनं विचारलं, “चाचा, तिकडे किती?”

मी म्हणालो, “पुष्कळ.”

“पुष्कळ हा आकडा नाही, चाचा. मोजा ना.”

मोजले. तेवीस निघाले. माझ्या आयुष्यातली ती पहिली नोंद. त्यानंतर या नोंदींचा इतिहास वाचायची ओढ लागली, आणि लक्षात आलं की त्या मुलीनं विचारलेल्या प्रश्नावरच तो सगळा उभा आहे.

ही गोष्ट बरीचशी इंग्लंडात घडली. तिथं पेपर्ड मॉथ नावाचा एक पतंग आहे. पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. १८४८ साली मँचेस्टरमध्ये एडलस्टन नावाच्या एका हौशी संग्राहकाला त्याच जातीचा संपूर्ण काळा पतंग मिळाला. ही नोंद छापून यायला १८६४ साल उजाडलं. मँचेस्टर तेव्हा कापडगिरण्यांचं शहर होतं आणि गिरण्यांच्या काजळीनं झाडांचे बुंधे काळे पडले होते. १८९५च्या सुमारास तिथल्या शंभरातले अठ्ठ्याण्णव पेपर्ड मॉथ काळे झाले होते. काळवंडलेल्या बुंध्यावर पांढरा पतंग पक्ष्यांना चटकन दिसतो आणि काळा वाचतो, असा तर्क टट यांनी १८९६ साली मांडला. बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ आणि १९५५ साली प्रत्यक्ष जंगलात पतंग सोडून तो तपासला. देशभरात कुठे किती काळे आणि किती पांढरे, हे कळायला मात्र त्यांना गावोगावच्या हौशी माणसांचीच मदत घ्यावी लागली.

१९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. पुढे काय घडलं, हे आपल्याला आज ठाऊक आहे, कारण काही माणसं मोजत राहिली. त्यांतले एक सर सिरिल क्लार्क. पेशानं डॉक्टर. आईचं आणि बाळाचं रक्त जुळत नाही तेव्हा होणारा आऱ्हेस दोषाचा आजार टाळण्याच्या संशोधनात त्यांचा मोठा वाटा होता. फुलपाखरांचा छंदच त्यांना आनुवंशिकतेकडे घेऊन गेला. लिव्हरपूलजवळच्या आपल्या घरी त्यांनी १९५९पासून पतंग मोजायला सुरुवात केली. त्या वर्षी शंभरात नव्वदहून जास्त काळे होते. १९९४पर्यंत ते पाव हिश्श्याच्याही खाली आले. धूर कमी झाला, झाडं उजळली, पतंगही उजळले.

विसाव्या शतकाच्या शेवटी केटलवेल यांच्या पद्धतीवर आक्षेप आले. केंब्रिजच्या मायकेल मॅजेरस यांनी वाद घालण्यापेक्षा पुन्हा मोजायचं ठरवलं. २००१ ते २००७ अशी वर्षं खपून त्यांनी ४,८६४ पतंगांचा हिशेब ठेवला. २००९ साली ते वारले. त्यांचे आकडे इतर शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केले आणि पक्ष्यांचा तर्क खरा ठरला. माणूस गेला, तरी त्याचं काम पुरं झालं. कारण ते लिहून ठेवलेलं होतं.

दुसरी गोष्ट रोथॅमस्टेडची. लंडनच्या उत्तरेला असलेल्या या जुन्या शेती संशोधन केंद्रात सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ साली एका शेतात प्रकाशसापळा लावला आणि रोज रात्री काय सापडतं ते मोजलं. १९६० साली त्याच शेतात पुन्हा सापळा लागला, तेव्हा आकडे पूर्वीपेक्षा फार खाली आलेले दिसले. १९६८पासून देशभर अशा सापळ्यांचं जाळं पसरलं. त्यातले बरेच सापळे स्वयंसेवकांनी सांभाळले. पन्नास वर्षांचे आकडे एकत्र मांडले गेले, तेव्हा १९६८ ते २०१७ या काळात मोठ्या पतंगांची संख्या सुमारे एकतृतीयांशानं घटल्याचं दिसलं. त्या पन्नास वर्षांत रोज संध्याकाळी दिवे लागत होते, खिडकीशी पतंग येत होते. तिघांतला एक येईनासा झाला, हे नुसत्या डोळ्यांना कळण्यासारखं नव्हतं.

२००३ साली तिथल्या वेस्ट मिडलंड्स भागात परसबागेतले पतंग मोजण्याची एक योजना सुरू झाली. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी रात्री, आपल्या बागेत सापळा लावायचा. तिचा एक नियम मला फार आवडला. काहीच आलं नाही, तर शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. कोऱ्या रकान्याचा अर्थ कुणी पाहिलंच नाही असा होतो. शून्याचा अर्थ, पाहिलं आणि नव्हतं. २०१९ साली ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मोठ्या पतंगांचा नकाशासंग्रह निघाला. त्यात अडीच कोटींहून जास्त नोंदी आहेत, आणि त्यातल्या बहुतेक बिनपगारी माणसांच्या.

मग आपल्याकडे काय होतं? आपल्याकडेही सुरुवात झाली होती, आणि तीही अशाच माणसांकडून. जॉर्ज हॅम्प्सन हे निलगिरीतले चहामळेवाले. ते परत गेल्यावर लंडनच्या संग्रहालयात आधी बिनपगारी काम करत होते. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतले पतंगांचे चार खंड त्यांनी १८९२ ते १८९६ या काळात सिद्ध केले. साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन मीठ आणि जकात खात्यात होते. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांचे सहकारी टी. आर. बेल हे कारवारकडचे वनाधिकारी. जंगलातून अळ्या आणायच्या, त्या कुठल्या झाडाचं पान खातात ते बघायचं, घरी वाढवून त्यांचा पतंग होईपर्यंत सगळं टिपायचं, हा त्यांचा छंद. हॉक मॉथ नावाच्या दणकट पतंगांवरचा त्यांचा आणि मेजर स्कॉट यांचा ग्रंथ १९३७ साली आला. निवृत्तीनंतर बेल कारवारलाच राहिले आणि १९४८ साली तिथंच वारले. आमच्या चादरीवर हॉक मॉथ आला की आजही त्यांचं नाव निघतं.

ही माणसं मोठीच होती. पण त्यांचा प्रश्न ‘कोण’ आणि ‘कुठे’ असा होता. ‘दरवर्षी किती’ हे मोजण्याचा तो काळ नव्हता. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत, आणि आमच्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी दिव्याखाली किती येत होते, असं कुणी विचारलं तर उत्तर देता येत नाही. वडीलधारी माणसं सांगतात, “कंदिलाची काच काळी व्हायची एवढे यायचे.” ते खोटं नसेलही. पण ते ‘पुष्कळ’च झालं.

शेतकऱ्याला या मोजणीचं मोल आपल्याआधी कळतं. भातावरचा खोडकिडा म्हणजे एका पतंगाचीच अळी, आणि तो पतंग कधी वाढतो हे बघायला शेतात प्रकाशसापळे लावतात. २०१८च्या मे महिन्यात कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा सापडली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. नवा पाहुणा ओळखायचा, तर आधीपासून घरात कोण कोण आहे हे माहीत असावं लागतं.

आमचं वर्ष मृगाच्या पावसानं सुरू होतं. पहिल्या सरीनंतर चादरीवर वाळवीचे पंखवाले किडेच इतके येतात की पतंग शोधावे लागतात. मग सागाची पानं चाळणीसारखी दिसू लागतात, ते पतंगाच्या अळ्यांचंच काम. पाऊस ओसरला की भाद्रपद-आश्विनात खरी गर्दी. कधी पोपटी, लांब शेपट्यांचा मून मॉथ येतो आणि सगळे गप्प होतात. पौष-माघात थंडीनं हात गारठतात आणि कधीकधी तास गेला तरी दोन-चारच. ते दोन-चारही लिहायचे.

आता २२ जुलै २०२१. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ते बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचलं. जगभर पतंग मोजण्याचा एक सप्ताह २०१२पासून दर जुलैत होतो. नेमका तोच आठवडा होता. आमची वही गुरुजींच्या तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात होती. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं, तेव्हा वहीचा लगदा झाला होता आणि शाई पसरून सगळी पानं निळी झाली होती. जवळजवळ चार वर्षं गेली. माझ्या कवितांच्या दोन वह्याही त्याच पाण्यात गेल्या.

कविता मी पुढच्या काही महिन्यांत पुन्हा लिहून काढल्या. चाळीसेक आठवल्या. कवितेला लय असते, ती जिभेवर राहते. मग एका रविवारी आम्ही सगळे वही पुन्हा लिहायला बसलो. मी विचारलं, “२०१९च्या ऑगस्टमध्ये ते तपकिरी किती आले होते?” सगळे एकमेकांकडे बघू लागले. गुरुजी हळूच म्हणाले, “पुष्कळ होते हो.” आणि मान खाली घातली. ती मुलगी आता अकरावीत होती. तिच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून कितीतरी नावं आणि तारखा परत मिळाल्या. पण फोटोत एक पतंग दिसतो. बाकीचे बावीस दिसत नाहीत. आकड्याला लय नसते. तो कागदावर नसेल, तर कुठंच नसतो. वहीची दुसरी प्रत काढायला एक दुपार लागली असती, आणि ती आम्ही काढली नाही. हे शल्य मला माझ्या कवितांपेक्षा जास्त आहे.

माझ्या परवान्याचं काय झालं, तेही सांगतो. २०२४ साली काही शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीचे कीटक टिपले. ते दिव्याकडे झेपावत नाहीत, असं त्यांना दिसलं. कीटक उडताना आपली पाठ उजेडाकडे करतात, कारण रात्री आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं आणि उजेड आहे तिकडे वर, हे त्यांचं गणित. जवळच्या दिव्यालाच ते आभाळ समजतात आणि त्याच्याभोवती फिरत राहतात. म्हणजे आठ-नऊशे वर्षं आम्ही ज्याला आशिक म्हणत आलो, तो वाट चुकलेला होता. वाचून थोडं वाईट वाटलं. पण त्या दिवसापासून गिनती झाली की आम्ही दिवा लगेच मालवतो. रात्रभर तसाच ठेवत नाही.

आता आमच्याकडे दोन वह्या आहेत. एक गुरुजींकडे, वरच्या माळ्यावर. दुसरी माझ्याकडे, दुसऱ्या मजल्यावर. नोंदी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाल्या. इंग्लंडातल्या पन्नास वर्षांपुढे आमची ही थोडी वर्षं म्हणजे काहीच नाहीत. पण तिथल्या वहीलाही पहिलं पान होतंच.

तुमच्याकडे गच्ची असेल, अंगण असेल, तर एखाद्या अमावास्येला पांढरी चादर बांधून पाहा. नाव नाही आलं तर ‘तपकिरी, नखाएवढा’ असं लिहा. तारीख घाला, गाव घाला, आणि मोजा. काही आलं नाही, तर शून्य लिहा. आणि कृपा करून, एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)