मिश्रविवाह : वचन कोणाचे?

वसईची कॅथलिक मुलगी आणि अहिल्यानगरचा प्रॉटेस्टंट मुलगा यांचे लग्न ठरले की पहिला प्रश्न येतो, ‘धर्मांतर कोणी करायचे?’ कोणीही नाही. दोघांचा बाप्तिस्मा वैध असेल, तर त्यांचा विधिवत विवाह हा संस्कारच होय. मात्र त्यासाठी बिशपांची परवानगी हवी. अर्ज धर्मग्रामाच्या धर्मगुरूंमार्फत करावा.

खरा पेच मुलांचा. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार सर्व मुले कॅथलिक वाढवण्याचे वचन दोघांनाही द्यावे लागे. पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये हा भार केवळ कॅथलिक पक्षावर ठेवला : स्वतःची श्रद्धा जपणे आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व संगोपन लाभावे म्हणून यथाशक्ती झटणे. जोडीदाराला या वचनाची कल्पना वेळीच द्यायची असते, सही त्याची नसते. ‘यथाशक्ती’ या शब्दात त्याच्या सदसद्विवेकाचा मान आहे. पळवाट नाही, असे आम्ही मानतो. म्हणून हे बोलणे साखरपुड्याआधीच व्हावे.

लग्न मुलाच्या चर्चमध्ये, पाळकांसमोर लावायचे असल्यास बिशपांकडून विधीची सूट आधी मिळवावी. (हॉल ठरवून मग आमच्याकडे येणारे पुष्कळ!) एकदा लागलेले लग्न दुसऱ्या चर्चमध्ये पुन्हा लावण्यास मनाई आहे.