चिटणीस बखर व संभाजी महाराज : दुखावलेल्या घराण्याची साक्ष

मल्हार रामराव चिटणीस यांनीं आपली बखर लिहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं. संभाजी महाराजांचा वध इ. स. १६८९ चा, म्हणजे मध्यें शंभरावर वर्षें लोटलीं. शिवाय १६८१ सालीं महाराजांनीं ज्या बाळाजी आवजीस देहान्त शासन केलें, त्याच्याच वंशांतला हा लेखक. अशा साक्षीदाराचें कितपत ऐकावें? नैयायिकांनीं आप्तवाक्य प्रमाण मानिलें खरें. पण त्यांचा आप्त म्हणजे यथार्थ बोलणारा, भाऊबंद नव्हे!

महाराजांनीं रायगडीं येतांच सोयराबाईंस क्रूरपणें मारविलें, असें बखरकार सांगतो. परंतु ऑगस्ट १६८० च्या बाकरे दानपत्रांत महाराज याच सापत्न मातेस स्फटिकासारख्या निर्मळ मनाची म्हणतात, आणि बाईंचा मृत्यु १६८१ सालचा. दानपत्राची संस्कृत भाषा स्तुतिपर असावयाचीच, हें आम्ही जाणतों. तथापि कालाची विसंगति तेवढ्यानें मिटत नाहीं. येथें बखर टिकत नाहीं.

म्हणून ती टाकून द्यावी काय? नव्हे. चिटणिशी याच घराण्याकडे होती. हुद्दे व पत्रलेखनाची रीत यांविषयींच्या मजकुरांत वैरास वाव थोडा. बाळाजीचा पुत्र खंडो बल्लाळ पुढें महाराजांच्याच सेवेंत राहिला, हेंहि विसरतां येत नाहीं. मात्र महाराजांच्या शीलाविषयींचें बखरीचें विधान समकालीन कागदावांचून आम्ही स्वीकारणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं हिच्या जुन्या प्रती असतील, त्यांनीं सोयराबाईंच्या प्रकरणाचे पाठ अवश्य ताडून पाहावे.