अभिरूप न्यायालयातली चिठ्ठी

काही वर्षांपूर्वी एका विधी महाविद्यालयाने मला कविता वाचायला बोलावले होते. कार्यक्रमाला तासभर अवकाश होता, म्हणून प्राध्यापकांनी मला शेजारच्या सभागृहात बसवले. तिथे अभिरूप न्यायालय भरले होते. काळे कोट घातलेली मुले, समोर न्यायाधीश म्हणून बसलेले दोन ज्येष्ठ वकील, आणि खटला १९७६ सालचा. कोणी सरकारची बाजू मांडायची आणि कोणी कैद्यांची, हे चिठ्ठ्या टाकून ठरले होते. एका मुलीच्या चिठ्ठीत सरकार निघाले. ती मुद्देसूद बोलली आणि त्या फेरीत जिंकली. चहाच्या वेळी मी अभिनंदन केले, तर म्हणाली, ‘सर, मला कुठेच अडखळायला झालं नाही. त्याचीच भीती वाटली.’

तिची भीती समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

हा खेळ जुना आहे. लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या वकिलांच्या संस्थांमध्ये मध्ययुगापासून विद्यार्थी काल्पनिक खटले लढवीत आणि संस्थेतील ज्येष्ठ न्यायाधीश होत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिथून बॅरिस्टर झाले, ती ‘ग्रेज इन’ यांपैकीच एक. इथे साक्षीदार नसतात, उलटतपासणी नसते. अपिलात असते तसे घटनाक्रम ठरलेला असतो आणि वाद फक्त कायद्याच्या अर्थाचा. आपल्यालाही ही रीत परकी नाही. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडावा लागे, आणि माझ्या आजोबांच्या तोंडी ‘मुनाझरा’ हा शब्द नेहमी असे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून नेटके मांडता आले पाहिजे, ही दोन्हीकडची शिस्त.

आता तो खटला. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी आली. ‘मिसा’ कायद्याखाली हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. त्यांच्या वतीने उच्च न्यायालयांत हेबिअस कॉर्पसचे अर्ज झाले. या माणसाला कोणत्या अधिकाराने डांबले, एवढाच त्यांतला सवाल. नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकता येतात, असे म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हाच ‘एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला’ खटला.

सरकारचा युक्तिवाद सुबक होता. जीवित आणि स्वातंत्र्याचे रक्षण घटनेच्या एकविसाव्या कलमात आहे, आणि फक्त तिथेच आहे. राष्ट्रपतींनी २७ जून १९७५ रोजी, घटनेनेच दिलेल्या अधिकारात, त्या कलमासाठी कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित केला आहे. मग अटक बेकायदा असली तरी कोर्टाने ती तपासायची कशाच्या आधारे? व्ही. एम. तारकुंडे, शांतिभूषण, सोली सोराबजी हे कैद्यांच्या बाजूने उभे होते. त्यांचे म्हणणे असे, की माणसाचे स्वातंत्र्य हे काही एका कलमाने दिलेले दान नव्हे. आणि सरकारने निदान स्वतः केलेला ‘मिसा’ तरी पाळला पाहिजे.

न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना साधा प्रश्न विचारला. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्यावर काही इलाज आहे का? उत्तर आले, आणीबाणी आहे तोवर नाही. आमच्या सभागृहात त्या मुलीलाही हाच प्रश्न विचारला गेला, आणि तिनेही हेच उत्तर दिले. तिचा युक्तिवाद दुसरीकडे जाऊच शकत नव्हता.

२८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. सरकार जिंकले. एकटे खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलून न्या. बेग यांना नेमले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. पुढे १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीतही एकविसावे कलम स्थगित करता येणार नाही, असे ठरले. बहुमतातील न्या. भगवती यांनी २०११मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निकाल मोडीत काढला. ते मत लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड. १९७६च्या बहुमतात त्यांचे वडील, पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड होते.

ज्या बाजूवर विश्वास नाही ती मुलांना मांडायला लावणे म्हणजे खोटे बोलायला शिकवणे, असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. ते चार न्यायाधीश अडाणी नव्हते. आपल्या काळातले नामवंत कायदेपंडित होते. अन्याय दर वेळी आरडाओरडा करत येत नाही. कधी तो कलमाचा आकडा सांगत, शांत आवाजात, एकेक पायरी नीट जुळवत येतो. त्या पायऱ्या जो स्वतः चढून पाहतो, त्यालाच कळते, की कुठल्या पायरीवर थांबून खन्नांसारखा साधा प्रश्न विचारायचा.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत त्या मुलीकडे कैद्यांची बाजू येणार होती. तयारी जड जाईल का, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘नाही सर. समोरचा काय बोलणार, ते आता मला पाठ आहे.’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)