गोधडीचा इतिहास आणि शिवणारीचं नाव



आज आम्ही गोधडीबद्दल बोलणार आहोत. गोधडीत कसला आलाय इतिहास, असं कुणाला वाटेल. इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया आणि राजे आठवतात. आपल्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला संभाजीराजांची समाधी आहे, कोरेगाव भीमाच्या लढाईचा जयस्तंभ शेजारच्या हवेली तालुक्यात पेरण्याला आहे. त्यांचा इतिहास शाळेत शिकवतात. पण घराघरांत हातांनी घडलेल्या वस्तूंनाही इतिहास असतो. तो दगडावर कोरलेला नसतो, म्हणून कुणी सांगत नाही. म्हणून तो आपला आपणच सांगायचा.

सुरुवात तालुक्यातूनच करू. घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. म. के. ढवळीकर यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. मातीखाली एक अख्खं शेतकरी गाव निघालं. येशू ख्रिस्ताच्या आधी सुमारे 1600 ते 700 वर्षं, इतका जुना त्याचा काळ. म्हणजे आजपासून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे लोक सातू पिकवत होते, पाटाचं पाणी शेताला देत होते, आणि भट्टीत मडकी भाजत होते. लाल मडक्यांवर काळ्या रंगाची नक्षी काढत होते.

जरा विचार करा. नक्षी नसली म्हणून मडक्यात पाणी राहत नाही असं नाही. तरीही कुणीतरी वेळ काढला, रंग कालवला आणि रेघा ओढल्या. गरज भागली की हात थांबत नाही, त्याला आणखी काही करावंसं वाटतं. याला आपण हौस म्हणतो. ही हौस तीन हजार वर्षांपूर्वीही होती.

इनामगावला एका घराच्या जमिनीखाली मातीचा झाकणाचा डबा सापडला. त्यात एक बाईची मूर्ती होती, तिला डोकं नव्हतं. सोबत मातीचा बैल होता. मूर्तीच्या पोटाला भोक होतं, काडी घालून तिला बैलाच्या पाठीवर बसवता यावं म्हणून. डब्याच्या वर दुसरी एक बाईची मूर्ती ठेवलेली होती. ही विकायची वस्तू नव्हती. घराच्या भल्यासाठी कुणीतरी ती कच्च्या मातीतून घडवली आणि जमिनीत जपून ठेवली. आजही पोळ्याला मातीचे बैल करणारे हात आपल्या घरात आहेत.

त्याच काळातली दुसरी खूण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवाशाला मिळाली. तिथल्या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. नवल म्हणजे त्या मण्यांत ओवलेला दोरा थोडासा शिल्लक राहिला होता. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस आढळला. कपडा, लाकूड, दोरा मातीत कुजून जातात. हा दोरा तांब्याच्या संगतीने टिकला. गेलेल्या लेकराच्या गळ्यात कुणीतरी माळ घातली होती, एवढं तो दोरा आजही सांगतो.

मडकी टिकली, मणी टिकले, पण कापड टिकलं नाही. त्यामुळे पुस्तकात मडक्यांवर पानंच्या पानं असतात आणि शिवणकामावर दोन ओळी. गोधडीचं तर जास्तच अवघड. ती जुन्या कापडाची करतात आणि ती झिजली की तिच्यावर दुसरी चढवतात. गोधडीच्या पोटात जुनी गोधडी, तिच्या पोटात आजीचं लुगडं. म्हणजे बाईच्या हातच्या कामाचा पुरावा बाईच पुन्हा वापरून टाकते.

आता गोधडी घडते कशी ते पाहू. तुम्हाला ठाऊक आहेच, पण आपण रोज करतो त्याकडे कधी नीट बघत नाही. सुती लुगडं आधी अंगावर नेसलं जातं. विरलं की मधोमध फाडून, दंड घालून पुन्हा नेसलं जातं. तेही विरलं की त्याचा थर होतो. उन्हाळ्यात सुगी उरकली की अंगणात ते अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, ठिगळं जुळवायची आणि कडेपासून धावदोरा घालत आत जायचं. शेतात कडेने नांगर धरून आत येत जावं, तशी टाक्यांची तासं पडत जातात. कुणी मधे चौक सोडतं, कुणी तुळस काढतं, कुणी चांदसूर्य काढतं. या नक्षीचं पुस्तक नाही. रांगोळी, शेताचे बांध, देवघर, जे डोळ्यांपुढे असतं तेच टाक्यात उतरतं.

आणि शिवायचं निमित्त? लेक सासरी निघाली, बाळंतपण आलं, घरातलं कुणी गेलं. बाळाला आजीच्या लुगड्याचं दुपटं करतात, कारण शेकडो धुण्यांनी ते कापड मऊ झालेलं असतं, नव्या कापडाला तो मऊपणा नाही. गेलेल्या माणसाचं धोतर गोधडीत घालतात, कारण ते टाकवत नाही. बाजारात हे निमित्त विकत मिळत नाही.

हे काम काही आपल्याच मुलखात होतं असं नाही. आपल्या कारेगावात रांजणगाव एमआयडीसीमुळे लांबलांबची माणसं भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांतल्या बिहारच्या बायांना विचारा. त्यांच्याकडे जुन्या साड्यांचे थर जोडून नव्या बाळासाठी शिवतात ती सुजनी. बंगालात तिला कांथा म्हणतात. भाषा वेगळी, पण जुनी साडी, सुई आणि बाळ तेच. एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बायांनी एकमेकींची गोधडी उलगडून पाहिली, तर बोलायला दुसरा विषय लागणार नाही.

आता इतिहासाचा दुसरा भाग. हाताचं काम घराबाहेर पडून बाजारात गेलं की काय होतं?

पहिली गोष्ट यंत्राची. 1854 साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहू लागली. त्याआधीपासूनच विलायतेचं स्वस्त कापड येत होतं. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, त्यात परदेशी यंत्राच्या मालामुळे इथल्या कारागिरांची उपासमार कशी होते हे लिहिलं आहे. हातमागाचा विणकर मागे पडला. गोधडी मात्र टिकली, कारण ती बाजारावर अवलंबून नव्हती. उलट गिरणीचं रंगीत कापडही तिने ठिगळ करून पोटात घातलं.

दुसरी गोष्ट वारली चित्रांची. पालघर-डहाणूकडे वारली समाजात लग्नघराच्या भिंतीवर चौक काढायचा मान सवाशिणींचा. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी. 1970 नंतर भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिथे गेले आणि त्यांनी वारल्यांना कागद दिला. जिव्या सोमा मशे यांनी चित्रकला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांचा मान मोठाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जोवर चित्र लग्नाच्या भिंतीवर होतं तोवर ते बायांचं होतं. कागदावर येऊन त्याला किंमत आली, तसे पुरुष चित्रकार पुढे झाले. ज्या सवाशिणींनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

तिसरी गोष्ट फार लांबची, अमेरिकेतली. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले लोक कापसाच्या मळ्यांवर राबवलेल्या काळ्या गुलामांचे वंशज. तिथल्या बाया थंडीसाठी शेतातल्या कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. मिझुरी पेटवे या बाईने 1942 साली नवरा गेल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. आपल्या घरातलीच गोष्ट वाटते ना?

1966 साली त्या भागातल्या बायांनी मिळून गोधड्यांची सहकारी संस्था काढली. पैसा हाती आला. पण मोठ्या दुकानांना सगळ्या गोधड्या एकसारख्या हव्या होत्या. माप ठरलेलं, नमुना ठरलेला. मनाने ठिगळ जुळवायची मोकळीक त्या कामात उरली नाही. पुढे 2002 साली याच वस्तीतल्या जुन्या, मनाने जुळवलेल्या गोधड्या मोठ्या संग्रहालयात मांडल्या गेल्या, शिवणारीच्या नावासकट. 2006 साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि 2007 साली मोबदल्यावरून त्यांतल्या काही जणींना कोर्टात जावं लागलं. दावे नंतर मिटले. नाव मिळालं तरी हिशेब आपोआप चोख होत नाही, हे यातून शिकायचं.

या तीन गोष्टी आम्ही का सांगितल्या? कारण गोधडीला आता मागणी येऊ लागली आहे. शहरातली माणसं पुण्याच्या भीमथडी जत्रेत, मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये हातची वस्तू शोधत येतात. गावात येऊन घाऊक गोधड्या मागणारेही असतात. ‘फावल्या वेळातलं काम, जुन्या चिंध्या, त्याला कसले पैसे?’ हे वाक्य आपण ऐकतो, आणि वाईट म्हणजे आपणही तेच म्हणतो.

तर हिशेब मांडू. समजा एका मोठ्या गोधडीला रोज 4 तास याप्रमाणे 18 दिवस लागले. झाले 72 तास. 8 तासांचा एक रोज धरला तर 9 रोज. तुमच्या गावात खुरपणीला जो रोज चालतो, त्याला 9 ने गुणा. त्यात दोरा, अस्तर आणि गाडीभाडं मिळवा. आलेला आकडा ही फक्त मजुरी आणि खर्च आहे. नक्षीची किंमत अजून धरलेलीच नाही. हा आकडा वहीत लिहा आणि मगच भाव बोला. त्याहून कमीत द्यायची वेळ आली, तर निदान आपण किती सोडतोय हे तरी कळेल.

सरकारदरबारीही बोलावं लागेल. 2023 च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात 18 व्यवसाय आहेत. शिंपी आहे, कुंभार आहे, टोपल्या-केरसुण्या करणारे आहेत, बाहुल्या करणारेही आहेत. गोधडी शिवणारीचं वेगळं नाव त्यात नाही. ग्रामसभेत हा विषय एकदा तरी निघायला हवा. मागितल्याशिवाय यादीत नाव चढत नाही.

ऑर्डर घेताना दोन गोष्टी आपल्या हातात ठेवायच्या. एक, माप गिऱ्हाइकाचं असू द्या, पण ठिगळांची जुळणी शिवणारीची. सगळ्या एकसारख्या हव्या असतील तर यंत्राची रजई आहेच की. दुसरी, घरातली आजीच्या लुगड्याची गोधडी विकायला काढू नका. विकायची ती वेगळी शिवा. एकीत घराची आठवण आहे आणि दुसरीत घराचा संसार. दोन्हींची गल्लत नको.

आणि शेवटचं. गोधडी पुरी झाली की उलट्या बाजूला, एका कोपऱ्यात, रंगीत दोऱ्याने शिवणारीचं नाव घाला. खाली गाव आणि साल. लिहिता येत नसेल तर नातीकडून खडूने लिहून घ्या आणि त्यावर टाके मारा. विकायची असो वा घरची, नाव घालाच. इनामगावची मूर्ती घडवणारीचं नाव आपल्याला मिळालं नाही. लग्नाचा चौक काढणाऱ्या सवाशिणींचं मिळालं नाही. तुमचं मिळावं, एवढी सोय तर सुईदोऱ्यात आहे.

येत्या उन्हाळ्यात अंगणात लुगडं अंथराल तेव्हा हे आठवा.